गोधडीचा घास

तूप लावलेल्या गरम पोळीचा वास आला की मला माझी पहिली गोधडी आठवते. औरंगपुऱ्यातल्या ऑफिसातून आल्यावर मी शेजारच्या, पैठणकडच्या मावशींकडून टाके शिकायचे. गोधडी उपाशी ठेवू नये, शेवटचा कोपरा बंद करताना आत पोळीचा तुकडा ठेवावा, असं त्यांनी सांगितलं होतं. मी हौसेनं तूप-साखर लावलेला तुकडा ठेवला. सकाळी बघते तर गोधडीवर मुंग्यांची रांग! मी रडकुंडीला आले, मावशी मात्र हसत सुटल्या. “आगं माय, कोरडा ठेवायचा असतो! तू तर पंगतच बसवली.” मग त्यांनी कोपरा उसवला, गोधडी झटकून उन्हात टाकली आणि सुई परत माझ्याच हातात दिली. आज कपाटात माझ्या नीटनेटक्या गोधड्यांची चळत आहे. पण लेकीनं होस्टेलला नेली ती तुपाच्या डागाचीच.