चाचांच्या घरची काळी कणीक

नोकरीत मी कोयते जप्त केले, हातभट्टीचे पिंप जप्त केले, एकदा तर जिवंत बोकड जप्त करून चार दिवस ठाण्यात पोसला. ते सगळं आता पुसट झालं आहे. आजही डोळ्यांसमोर येते ती मूठभर मळलेली कणीक. तिच्या नादानं मी एका सज्जन माणसाला जवळजवळ चोर ठरवलं होतं आणि तिनंच मला त्यातून सोडवलं.

नवे पैसे नुकते सुरू झाले होते. कुलाबा जिल्ह्यात रेवदंड्याच्या बाजूला मी फौजदार होतो. भातकापणी उरकली की गावाबाहेरच्या माळावर टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. त्या वर्षी तंबू लागून आठवडा झाला आणि एके सकाळी टॉकीजचे शेठ धापा टाकत ठाण्यात आले. गुजराती आणि मराठीची त्यांची खिचडी घाईत फारच पातळ व्हायची.

"साहेब, चोरी! पडद्यामागच्या भोंग्याचा युनिट गायब छे! मी दोन दिवस पनवेलला गेलो, येऊन बघतो तर भोंगा खाली!"

युनिट म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं. बाहेर दिसतो तो भोंगा नुसतं तोंड असतं. त्याच्या बुडाशी नारळाएवढा एक जड लोखंडी डबा स्क्रूनं बसवलेला असतो. त्यात लोहचुंबक आणि कागदासारखा पातळ पडदा. आवाज जन्मतो तो तिथं. शेठचा तो डबा गेला होता, आणि बोलपट मुका झाल्यानं खेळ बंद होते. फिर्याद नोंदवून घेतली.

खबर आणायला मला फार फिरावं लागलं नाही. दुपारी मासळी विकणारी एक बाई पाटी उतरवून ठाण्याच्या पायरीवर बसली.

"फौजदारसायेब, चाचाचे घरान शिनेमाचा भोंगा बोलतंय. मी माजे कानानी आयकलाय."

"चाचांच्या घरी भोंगा आहे हे गावाला माहीत आहे, बाई."

"त्यो जुना येगला. काल दुसराच आवाज व्हता. फाटका. मी रोज त्या दारावरनं जातंय, मना कलत न्हाय व्हय?"

गावातल्या चाचांबद्दल सांगायला हवं. उमेदीची वर्षं त्यांनी बोटीच्या इंजिनखोलीत तेल घालण्यात काढली होती. घरी परतले तेव्हा चाचींचे कान एका तापात गेलेले होते. अगदी ठार बहिऱ्या नव्हत्या, पण कानाशी ओरडलं तरी शब्द लागायचे नाहीत. चाचांनी मुंबईच्या भंगारबाजारातून एका बंद पडलेल्या थिएटरचा मोडका युनिट आणला. दोन वर्षं खपून त्याची तार नव्यानं गुंडाळली, पडदा बसवला. होड्या बांधणाऱ्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा पुरुषभर लांबीचा भोंगा करून घेतला आणि तो माजघरात टांगला. त्याला बॅटरीवरचा रेडिओ जोडला आणि रेडिओला टेलिफोनचा जुना रिसीव्हर. रेडिओची गाणी त्यातून यायचीच, पण चाचाही त्यातूनच चाचींशी बोलायचे. त्या भोंग्यासमोर बसलं की चाचींना शब्द न् शब्द कळायचा. मात्र अख्ख्या आळीलाही कळायचा. "अगो, कालवणात मीठ कमी हाय!" हे ऐकून चार घरं आपापलं कालवण चाखून बघायची.

दोन पंच घेऊन आम्ही झडती घ्यायला गेलो. माझे जमादार घाटावरचे, माळकरी आणि कामाला पक्के. त्यांनी घर पालथं घातलं. मी पंचनामा लिहीत होतो आणि मला एक वाईट खोड आहे, समोर दिसेल ते सगळं लिहितो. लाकडी भोंगा एक, त्याला जोडलेला युनिट एक, बारीक तांब्याची तार, सिनेमाच्या फितीचे बोटभर कापलेले तुकडे पाच, मळलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा एक, रंग काळा.

"साहेब, नासकी कणीक कशाला लिवताय?" जमादार म्हणाले.

"राहू दे. लिहिलेलं खोडायचं नाही."

फितीचे तुकडे बघून शेठ उड्या मारायला लागले. "बघा! माझ्या टॉकीजची फिल्म! आणि हाच माझा युनिट!"

जमादारांनी पाना घेऊन युनिट सोडवला. त्या क्षणी चाचींचा चेहरा जो झाला, तो मला अजून बोचतो. त्या भोंग्यासमोरच्या पाटावर बसून होत्या. आम्ही काय बोलतो ते त्यांना कळत नव्हतं, पण भोंगा मुका झाला हे कळलं. त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. चाचा काहीतरी बोलले. त्यांना ते ऐकू आलं नाही.

ठाण्यात मी चाचांना समोर बसवलं. दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं.

"साहेब, अल्लाची कसम, हा युनिट माझा. बायकोसाठी बनवलाय."

"पावती?"

"भंगाराची पावती कोन देतो?"

"मग शेठचा युनिट कुठं आहे?"

यावर चाचा गप्प. नाही म्हणाले असते तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. पण ते जमिनीकडे बघत एवढंच म्हणाले, "दुसऱ्याचं मला विचारू नका. जबान दिलीय."

पोलिसाच्या कानाला असं वाक्य म्हणजे अर्धा कबुलीजबाब. दुसऱ्या दिवशी अटक दाखवून त्यांना अलिबागच्या कोर्टात उभं करायचं मी मनाशी ठरवलं. तरीही चाचींचा तो हात डोक्यातून जाईना. म्हणून ठरवलं, मुद्देमालाची ओळखपरेड घ्यायची. माणसांची घेतो, डब्याची का नाही?

सकाळी तंबूत चादर बांधली. चादरीआड चार युनिट ठेवले. एक जप्त केलेला, एक शेठचाच तंबूवर गाणी लावायचा, पडद्याच्या खेळाला न पुरणारा आणि दोन लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावणाऱ्याचे. टॉकीजचा ऑपरेटर पन्नाशीचा, चष्मिस, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं एकच भोंगा पाळीपाळीनं चारही युनिटांना लावायचा आणि तीच तबकडी तेवढीच वाजवायची, असं ठरलं. त्या दिवशी त्याच्या हातून पाना दोनदा खाली पडला. ते मी पाहिलं, आणि तिथंच सोडून दिलं.

आधी शेठ. त्यांनी डोळे मिटून, मान डोलावत चारही ऐकले आणि छातीठोकपणे म्हणाले, "तीन नंबर! माझा! लाखात ओळखेन!"

लाऊडस्पीकरवाला मागून म्हणाला, "शेठ, त्यो माझा हाय. गेल्या म्हैन्यात साखरपुड्याला वाजलाय."

मग चाचींना आणलं. त्यांना खुणेनं समजावलं. त्या भोंग्याला हात लावून उभ्या राहिल्या. पहिला वाजला, मान हलवली. दुसरा, तिसरा, नाही. चौथा लागला आणि चाची हसल्या. बहिरी माणसं बोलतात तशा टिपेच्या आवाजात म्हणाल्या, "ह्यो माजा! बाकीचे नुसते भुंकतात, ह्यो बोलतो!"

आम्ही क्रम बदलून दोनदा पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा त्यांनी जप्त केलेलाच उचलला. पंचांनी सह्या केल्या. मला इतका आनंद झाला की फौजदाराच्या चेहऱ्यावर तो शोभला नसावा.

पण शेठचं तोंड कोण धरणार? "मंजूर, तो त्यांचा. मग माझा कुठं छे?"

प्रश्न रास्त होता. ठाण्यात येऊन मी पुन्हा पंचनामा काढला. शेजारी जमादार भाकरी सोडून बसले होते आणि रोजचंच रडगाणं चालू होतं. "काय मुलूख हाय, साहेब. गहू न्हाई, जोंधळा न्हाई. ज्याच्या घरी बघावं तिथं तांदळाचीच भाकरी."

मी थांबलो. ज्या किनाऱ्यावर घरोघर तांदळाची भाकरी, तिथं चाचांच्या घरी गव्हाची कणीक कशाला? आणि काळी का?

मुद्देमालातून तो गोळा काढला आणि चाचींच्या युनिटच्या मागच्या बाजूशी नेला. टप्प! कणीक लोखंडाला जाऊन चिकटली. जमादारांचा घास हातातच राहिला.

चाचांना बोलावलं. गोळा बघून ते पहिल्यांदा हसले. "युनिटच्या पोटात फट असते, साहेब. कागद जाईल एवढी. त्यात लोखंडाचा भुगा बसतो नि आवाज फाटतो. फुंकून जात न्हाय, कापडानं जात न्हाय. घट्ट कणीक दाबली की सगळा ओढून घेते. तांदळाचं पीठ चालत न्हाय, त्याला चिकटा न्हाय."

"म्हणजे तुम्ही परवा एक युनिट साफ करत होता. चाचींचा तर वर्षभर उघडलेला नाही, त्याच्या स्क्रूवर रंग तसाच आहे. मग हा भुगा कुणाच्या पोटातला?"

"जबान दिलीय, साहेब," चाचा म्हणाले. पण आता मला त्यांच्याकडून काही नकोच होतं. फितीचे तुकडे त्यांना कुणी दिले असतील, हे उघड होतं. मी ऑपरेटरला बोलावलं, चाचांसमोर बसवलं आणि टेबलावर कणीक आणि फितीचे तुकडे ठेवले. "हे अजून बोलत नाहीत. दुपारी यांना अलिबागला पाठवतोय," एवढंच म्हणालो.

ऑपरेटरनं चष्मा काढला. "साहेब, त्यांना सोडा. मीच नेऊन दिला."

पब्लिक 'आवाज, आवाज' ओरडत होतं म्हणून त्यानं आवाज वाढवला आणि युनिट जळाला. आणखी एक वस्तू बिघडली तर घरी पाठवीन, असा शेठनी दम भरलेला. घरी खाणारी सात तोंडं. शेठ परत यायच्या आत दुरुस्त करून गुपचूप बसवू, म्हणून त्यानं तो चाचांकडे नेला, पडदा मधोमध बसवायला फितीचे तुकडे दिले आणि कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं. शेठ एक दिवस आधी आले आणि सगळं फसलं.

"पण आम्ही घर पालथं घातलं!" मी जमादारांकडे वळलो.

जमादार माळेशी चाळा करत म्हणाले, "साहेब... एक टोपली तेवढी सोडली. सुक्या बोंबलांची व्हती."

बोंबलांच्या टोपलीच्या तळाशी युनिट मिळाला. पूर्ण दुरुस्त, पण वास असा की पंच सही करताना नाक धरून होते.

शेठ आले ते ऑपरेटरला हाकलायच्या तयारीनंच. तेव्हा चाचा उठले. आरोपीच्या बाकावरून उठून फिर्यादीला सुनावणारा माणूस मी एवढा एकच पाहिला. काळा गोळा त्यांनी शेठच्या तळहातावर ठेवला.

"शेठ, ह्या मानसानं जाळला न्हाय. इतकी वर्षं तुमी पोट साफ केलं न्हाय. हा सगळा भुगा तुमच्या युनिटमधला. ह्याच्यात तार घासून जळनार न्हाय तर काय?"

शेठनी गोळा उलटा-सुलटा केला. जड लागला असावा. मग ऑपरेटरला म्हणाले, "चल, तंबूत. खेळ आहे संध्याकाळी." फिर्याद गैरसमजातून झाली असा त्यांचा जबाब घेऊन मी 'सी' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल पाठवला.

त्या संध्याकाळी शेठनी चाचींना बायकांच्या बाजूला पुढची जागा दिली. कान गेल्यापासूनचा त्यांचा पहिला बोलपट. खलनायक नायिकेला फसवायला लागला तेव्हा त्या सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खोटा बोलतो मेला!" पलीकडून चाचा हात करून त्यांना गप्प करत होते आणि स्वतःच डोळे पुसत होते. माझंही तेच चाललं होतं, पण मी गणवेशात होतो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते सांगतो. गप्प बसणारा प्रत्येक माणूस गुन्हा लपवत नसतो, कधी तो दुसऱ्याची अब्रू झाकत असतो. आणि पंचनाम्यात जे समजलं नाही ते आधी लिहावं. समजलेलं तर सगळेच लिहितात. पुढं नव्या पोरांना मी हेच सांगत आलो. त्यांनी किती ऐकलं, देव जाणे.

मुद्देमाल परत करताना चाचींचा युनिट मी स्वतः नेऊन भोंग्याला बसवला. चाचांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. "चाची, चुकलो," एवढंच म्हणालो. लाकडी भोंग्यातून फौजदाराची माफी साऱ्या आळीनं ऐकली. चाची म्हणाल्या, "आयकलाव. बसा, च्या पिऊन जा."

कणीक मात्र कुणी मागितली नाही. नियमाप्रमाणं ती नष्ट करून तशी नोंद करायची असते. नोंद मी केली. गोळा दगडासारखा होऊन आज माझ्या लोखंडी कपाटावरच्या लोहचुंबकाला चिकटलेला आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीतली ती माझी एकमेव खोटी नोंद.