मावशींचा रॅमोंडा आणि माझ्या गोगलगायी

वसुधामावशी गेल्याचं त्यांच्या मुलानं, अश्विननं, मिल्टन कीन्सहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी घरून ऑफिसची मीटिंग ऐकत चहा पीत होतो. "नितीनदादा, मम्मी गेली. झोपेतच," एवढंच तो म्हणाला. मला रडू आलं, पण नंतर. आधी जे वाटलं ते लिहायची लाज वाटते... आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्यांना खरं सांगावं लागणार नाही, असं मनात येऊन गेलं.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आम्ही शेजारी. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी कुंपणापलीकडून पिठलं-भाताचा डबा आला. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज अजून राउंडवरचाच होता. त्यांच्या मागच्या अंगणात उत्तरेकडे तोंड केलेली दगडी भिंत, आणि तिच्या फटीत आडवं लावलेलं रॅमोंडाचं रोप. मूळचं डोंगरातलं, आफ्रिकन व्हायोलेटच्या नात्यातलं. सुरकुतलेली लवदार पानं भिंतीला चिकटून गोल पसरायची आणि मे महिन्यात त्यांतून जांभळी फुलं वर यायची. एका जुन्या पेशंटनं दिलेल्या एका पानापासून त्यांनी ते वाढवलं होतं. फुलं आली की शेजारपाजारच्यांना चहाचं बोलावणं ठरलेलं. मला ते कोबीच्या पिल्लासारखं दिसायचं. तसं म्हटलं की त्या म्हणायच्या, "आधी तुझे डोळे तपासून घे."

दोन उन्हाळ्यांपूर्वी बहिणीच्या आजारपणासाठी त्या तीन महिने नाशिकला गेल्या. "आठवड्यातून एकदा पाणी, मुळाशी. पानांवर साचू देऊ नकोस," असं बजावून मला किल्ली दिली. पहिले दोन आठवडे मी गेलो. मग प्रोजेक्ट, मग पाहुणे, मग उकाडा... कारणांना काय तोटा. त्यात महिनाभर पाऊस फिरकला नाही. ऑगस्टमध्ये गेलो तर पानं तपकिरी होऊन आत वळलेली. हात लावला तर पापडासारखी कुरकुरली. मी घाबरलो. स्क्रूड्रायव्हरनं रोप उपटलं आणि बागेच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी ते घेऊनही गेली. मग मावशींना फोन करून सांगितलं, गोगलगायींनी खाल्लं. इथे प्रत्येकाच्या बागेत गोगलगायी असतात, आणि त्या उलट बोलत नाहीत.

परत आल्यावर मावशींनी त्या रिकाम्या फटीत बोट घालून पाहिलं.

"एकसुद्धा पान ठेवलं नाही रे मेल्यांनी?"

"नाही ना, मावशी."

"नुसतं वाळलं असतं तर मी काळजीच केली नसती. हे वाळून कोळ झालं तरी मरत नाही. पाणी दिलं की दोन-चार दिवसांत पानं उलगडतात. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, नाहीतर तू पाणीच घातलं नसतंस." त्या हसल्या.

मीही हसलो. उपटण्याआधी एक फोन करून "मावशी, माझ्यामुळे वाळलं" एवढं म्हटलं असतं, तर त्या "पाणी घाल" म्हणाल्या असत्या आणि विषय संपला असता. आयुष्यभर वॉर्डात कुणाचीही आशा न सोडणाऱ्या बाईचं जिवंत रोप मी नाडी न बघता मेलं म्हणून टाकून दिलं होतं.

तिथेही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मग मावशींनी गोगलगायींविरुद्ध मोहीम काढली. सत्त्याहत्तराव्या वर्षी, कंबर धरलेली असताना, रोज सकाळी वाकून वाकून त्या वेचायच्या. गोगलगायी तांबं ओलांडत नाहीत म्हणे, म्हणून भिंतीला तांब्याच्या पत्र्याची पट्टी लावायची ठरली. ती मी स्वतः चिकटवली, वर "आता बघतो कशा येतात" असंही म्हणालो. कितीदा तोंडापर्यंत शब्द आले... आणि मी चहाचे कप विसळायला घेतले. कोरड्या उन्हाळ्यात इतक्या गोगलगायी आल्या कुठून, हे त्यांच्यासारख्या बाईच्या लक्षात आलं नसेल? की आलं होतं, आणि त्या माझ्या बोलण्याची वाट बघत होत्या? हे मला आता कधीच कळणार नाही.

फ्युनरलनंतर अश्विन घर आवरायला आला होता. त्यानं माझ्या हातात एक कुंडी ठेवली. तिच्यात नाण्याएवढं, सुरकुतलेल्या पानांचं रोप.

"दादा, मम्मीने हा प्लांट तुमच्यासाठी ग्रो केली. तिच्या त्या पेशंटच्या डॉटरकडून पुन्हा एक लीफ आणला. ती म्हणायची, नितीनला खूप गिल्टी वाटतो, पण त्याचा काही फॉल्ट नव्हता."

मी "थँक यू" म्हणालो.

कुंडी आता आमच्या किचनच्या उत्तरेकडच्या खिडकीत आहे. दर रविवारी मी बशीत पाणी घालतो आणि शेजारी उभा राहतो. हे सगळं लिहून काढावं असं तिथेच वाटलं. लिहिताना एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती: अश्विनला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. इथे मी काहीही कबूल केलं तरी त्याला पत्ता लागणार नव्हता. माझी अक्कल अजून कुठे चालते ते बघा. म्हणून काल त्याला फोन केला. म्हटलं, शनिवारी ये, एक लेख वाचून दाखवायचाय.

"मम्मीबद्दल आहे?"

"नाही रे," मी म्हटलं. "माझ्याबद्दल."