ज्वारीचे मामंजी

मी लग्न होऊन आकुर्डीला आले तेव्हा मामंजी जाऊन वर्ष झालं होतं, आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांचं म्हणणं. “तरी साठीच्या आतच गेलं,” असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जरा रागानंच सांगायच्या.

मी माहेरी मण्यांचे मोर करायची. त्यावरून आत्याबाईंनी ठरवलं की मला मामंजीही करता येतील. पितृपंधरवड्याला भिंतीवर त्यांचं तोंड हवंच होतं. आमच्या ह्यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं होतं. तिथून त्यांनी खोक्याची रुंद फळी आणली. मी गव्हाची खळ शिजवली. मामंजींच्या पटक्याचा तुकडा डोक्याला, चेहऱ्याला ज्वारी, ओठांना मसूर, डोळ्यांना त्यांच्याच बंडीची बटणं आणि मिशांना काळ्या शेळीचे केस.

माणूस पाहिलेला नाही, म्हणून विचारत विचारत चालले होते. आत्याबाई म्हणाल्या, नाक सरळ. दीर म्हणाले, बाकदार. चुलत सासऱ्यांना नाक आठवेना, पण शिंक मोठी होती एवढं नक्की. मी मधलंच एक नाक बसवलं.

दिवाळीपर्यंत उंदरांनी ते खाल्लं. मग दिरांनी गुपचूप बाकदार बसवलं, आत्याबाईंनी ते उपटून सरळ केलं. ज्वारीत पोरकिडे झाले म्हणून मामंजींना उन्हात ठेवलं, तर कोंबडीनं डावा गाल टिपला. त्या कोंबडीची अंडी आत्याबाईंनी पुढं कधी खाल्ली नाहीत. नातं लागतं म्हणायच्या. दरवर्षी मी नवी ज्वारी लावायची आणि दरवर्षी मामंजी थोडे वेगळे व्हायचे. कुणाचीच तक्रार नव्हती.

चार-पाच वर्षांनी दिरांच्या सासुरवाडीहून मामंजींचा म्हणून एक फोटो आला. जनावरांच्या प्रदर्शनात कुणीतरी नकळत काढलेला. बैलाशेजारी एक बुटका माणूस उभा, नाक चपटं. आत्याबाईंनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

“ह्यो कोन?” त्यांनी विचारलं.

चुलत सासरे म्हणाले की बैल आपलाच आहे, तेव्हा माणूसही आपलाच असणार.

आत्याबाई दुपारभर फोटो मांडीवर घेऊन बसल्या. मी चहा दिला तेव्हा हळूच म्हणाल्या, “व्हय, ह्येच. पर आता डोळं मिटलं की मला मसुराचंच व्हट दिसत्यात. काय करू?”

मी हसले, मग त्याही हसायला लागल्या, इतक्या की चहा पदरावर सांडला. मग डोळे पुसून त्यांनी फर्मावलं, की हनुवटीची ज्वारी गळलीय, तेवढी लाव.

फोटो चुलत सासरे घेऊन गेले. त्यांना तो बैल फार आवडायचा.