न झिजलेला ब्रश

वृद्धनिवासात तिला सगळे भिंगरी म्हणत. वय पन्नाशीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरायला लागलेले, पण बाई एका जागी दोन मिनिटं टेकेल तर शपथ. चहासुद्धा उभ्यानेच, तोही अर्धा. तळमजल्यावरच्या अठरा खोल्या तिच्याकडे होत्या. चादरी, टॉवेल, नखं, केस आणि दात, सगळं तीच बघायची.

दर तीन महिन्यांनी ती सगळ्यांचे दात घासायचे ब्रश बदलायची. या कामात तिची नजर अगदी तयार झाली होती. महिन्याभरातच चहूबाजूंनी फिसकटलेला ब्रश निवृत्त हवालदारांचा. ते सगळा राग दातांवर काढत. एकाच अंगाने झिजलेला पाच नंबरच्या आजींचा, कारण त्यांची उजवी दाढ दुखायची. कुणी तापातून उठलं की तीन महिन्यांची वाट न बघता ब्रश कचऱ्यात. "केस वाकलेल्या ब्रशने घासणं म्हणजे दातांना नुसतं कुरवाळणं," ती म्हणायची.

त्या दिवशी नव्या ब्रशांचं खोकं काखेत धरून ती अकरा नंबरमध्ये शिरली. तिथे घड्याळजी राहायचे. चाळीस वर्षं एका अरुंद दुकानात बसून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. तिने त्यांच्या पेल्यातला ब्रश उचलला आणि तिथेच थबकली. तीन महिने झाले तरी केस ताठ उभे, जणू कालच पाकिटातून काढलेला. आणि तरी ब्रश ओला होता.

"आजोबा, हा झिजत कसा नाही हो?"

"हात नाजूक आहे माझा. तुझ्यासारखं कढया घासल्यागत नाही घासत मी," घड्याळजी म्हणाले आणि हसले. पण ओठ मिटूनच.

तिने ब्रश बदलला आणि पुढच्या खोलीत गेली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. बाराव्या खोलीत त्याच तंद्रीत तिने जुना ब्रश परत पेल्यात ठेवला आणि नवा टाकून दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला विचारलं.

"अकरा नंबर? पोळीच्या कडा रोज परत येतात," आचारी म्हणाला. "मला वाटलं, माझ्या पोळ्यांवर राग आहे."

तिला आठवलं, घड्याळजी महिनाभर बटणांचा सदरा घालत नव्हते. उजवा हात कायम शालीखाली असायचा. हे आपल्याला आधी का दिसलं नाही? तिच्या आईचं असंच झालं होतं. आईची नजर गेली होती आणि वर्षभर तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. घरात मोजून पावलं टाकायची. भिंगरी आठवड्यातून एकदा जायची, उभ्या उभ्या विचारायची, "बरी आहेस ना?" आई म्हणायची, "मला काय धाड भरलीये!" आणि भिंगरी निघायची. एक दिवस आई जिन्यावरून पडली ती पुन्हा उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अर्धा तास आधीच कामावर आली. अकरा नंबरचं दार लोटलेलं होतं. घड्याळजी बेसिनपाशी उभे होते. ब्रश बोटांत धरायला गेले, तो निसटला. सवय नसलेल्या डाव्या हाताने धरला, पुन्हा निसटला. मग त्यांनी तो नळाखाली भिजवला, पेल्यात ठेवला आणि नुसती चूळ भरली. मान वर केली तेव्हा आरशात त्यांना ती दिसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहारा करतेस काय माझ्यावर?"

"आजोबा, कधीपासून?"

ते कॉटवर बसले. "चार महिने झाले असतील. कुणाला सांगू नकोस. सांगितलंस की वर नेतील मला."

वरच्या मजल्यावरच्या कॉटना कठडे होते. तिथे चमच्याने भरवत.

"या बोटांनी मी तांदळाच्या कणीएवढे स्क्रू फिरवलेत," ते म्हणाले. "आता तू माझे दात घासून देणार?"

कुणाला न सांगता काही जमतं का ते बघायला तिने दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत तिचा पाय कुठे ठरला नाही. सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणून तिने ब्रशच्या दांड्यावर चढवली. मूठ हातात बसली, पण मनगटच वळेना. घड्याळजींच्या कपाळाला घाम फुटला.

"आता मी डॉक्टरीणबाईंना सांगणार," ती म्हणाली. "तुमच्या पाठीमागे नाही, तोंडावर सांगून जाते."

घड्याळजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तपासण्या झाल्या. मानेतली नस दाबली गेली होती. "आणखी उशीर झाला असता तर अख्खा हात गेला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पूर्वीसारखा होईलच असंही नाही." किडलेल्या दोन दाढा काढाव्या लागल्या. गोळ्या आणि व्यायाम सुरू झाले. भिंगरीने निवास चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या खोलीत ठाण मांडून भांडून घेतलं, आणि घड्याळजी तळमजल्यावरच राहिले.

तिच्याशी मात्र ते अकरा दिवस एक शब्द बोलले नाहीत. ती चादर बदलायची, ते खिडकीबाहेर बघायचे. बाराव्या दिवशी ती दाराशी पोचली आणि मागून आवाज आला, "ही मूठ गोल गोल फिरते. कसली बसवलीस? आतून दोन वेढे दोरा गुंडाळ, म्हणजे घट्ट बसेल."

तिने तिथेच उभ्याने दोरा गुंडाळला, ते सांगत गेले तसा.

त्यानंतर रोज सकाळी ती आधी अकरा नंबरमध्ये जाऊ लागली. बहुतेक दिवशी हात ऐकायचा. ज्या दिवशी ऐकत नसे, त्या दिवशी ते ब्रश तिच्यापुढे धरत. मग ती दार लावून घ्यायची, आणि घड्याळजी डोळे मिटून तोंड उघडायचे.