मनभरीचा मायरा

मनभरीचं लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि शीशराम पलटणीतून वीस दिवसांच्या रजेवर आला होता. पुढं आणखी दोन रजा आल्या. मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. शकरगडच्या बाजूला सुरुंग पेरलेल्या रानात अडकलेले तीन जखमी सोबती शीशरामनं ओढून बाहेर काढले. चौथ्यासाठी गेला, तो परतला नाही.

दिल्लीच्या मोठ्या दालनात मनभरीच्या हाती वीरचक्र दिलं, तेव्हा सारी माणसं उभी राहिली. राजस्थानात झुंझुनूकडच्या आपल्या वस्तीवर येऊन तिनं ते चांदीचं चक्र त्याच्या मफलरमध्ये गुंडाळलं, पेटीच्या तळाशी ठेवलं आणि म्हशीला चारा घातला. मूल नव्हतं. पुढची सतरा वर्षं तिनं एकटीनं बाजरी पिकवली, सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं. मातकट ओढणीखेरीज दुसरा रंग अंगाला लावला नाही.

एके दिवशी नणंद बिदामी गुळाची ढेप घेऊन दारात आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. अशा वेळी भाऊ मायरा, म्हणजे माहेरचा आहेर घेऊन येतो, बहिणीच्या दारात पाटावर उभा राहून टिळा लावून घेतो आणि तिच्या डोक्यावर चुनरी घालतो. त्याचंच आमंत्रण ती ढेप. बिदामी ती हातात धरून अंगणातच थांबली.

“भाभी, ठेवू कुणापुढं?”

“माझ्यापुढं ठेव. त्यांचं सगळं माझ्याच वाट्याला आलंय. हेही येऊ दे. चुनरी मीच घालीन तुला.”

दोन महिने ती लाल चुनरीला गोटा, सोनेरी जरीची किनार, शिवत बसली. तो रंग तिच्या मांडीवर इतके दिवस पहिल्यांदाच राहिला.

लग्नाला जाताना तिनं चक्र एका डबीत घालून सोबत घेतलं. बसमध्ये चुलतदीर मालाराम म्हणाला, “भाभी, ती डबी दे इकडं, खिशात ठेवतो.”

“तुमच्या खिशातून विड्यासुद्धा गळतात. राहू द्या.”

बिदामीच्या दारात पाट मांडला होता. बायका गात होत्या. मनभरीनं डबीतून चक्र काढून तळहातावर घेतलं आणि पाटावर पाऊल ठेवायला गेली. गाणं थांबलं.

बिदामीची सासू जवळ आली. तिचा आवाज मऊ होता. “तुझ्या मालकाचा अभिमान आहे आम्हाला. पण पोरीचा संसार आज सुरू होतोय, बाई. पाटावर तू नको. मेडल ठेव, त्याला टिळा लावू. तू जरा मागं हो.”

मनभरीनं नणंदेकडं पाहिलं. तिला फक्त एक शब्द हवा होता. बिदामीचे ओठ हलले. मग तिची नजर मुलीच्या हळदीच्या हातांवर गेली आणि खाली वळली.

मनभरीनं चक्र पाटावर ठेवलं, निळी-केशरी फीत सरळ केली आणि चाऱ्याच्या गंजीपाशी जाऊन उभी राहिली.

बिदामीनं चक्राला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि डोकं वाकवून थांबली. बराच वेळ थांबली. चक्राला हात नव्हते.

“चुनरी कोण घालणार?” कुणीतरी विचारलं.

मनभरीनं पिशवीतून चुनरी काढून मालारामच्या हाती दिली. “नीट घाला. गोट्याची बाजू वर.”

त्यानं ती उलटीच घातली. मनभरीचा हात उठला, आणि तिनं तो ओढणीखाली घेतला. बायकांनी पुन्हा गाणं धरलं. त्यात भावाचं नाव घ्यायचं असतं. त्यांनी शीशरामचं घेतलं.

नंतर बिदामीनं चक्र डबीत ठेवून आणून दिलं. “भाभी, जेवून जा.”

“उशीर होईल गं. म्हैस बांधलेली आहे.”

परतीच्या बसमध्ये मालारामनं डबीत डोकावलं. “पुसून टाक ते ओलं कुंकू. चांदी काळी पडेल.”

“पडू दे.”

घरी आल्यावर तिनं मफलर उघडला. चक्र कडांना धरून उचललं, आणि बोटाला कुंकू लागू न देता तसंच आत ठेवलं.