फौज गेली, एसी चालूच!

हे बघ पोरी, यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव! लाव पैज. मी स्वतः सांगते आणि सांगता सांगता माझाच विश्वास बसत नाही. माझी लेक सुनंदा तर म्हणते, "आये, तू यात आणखी मीठ टाकू नकोस, आधीच खारट आहे!"

कुवेतात धुळीचं वादळ येऊन गेलं की खिडक्या घट्ट लावल्या तरी आत वाळू सापडतेच ना? चादरीत, डब्यात, दातांत. तसे हे किस्से. आमचे जावई प्रकाशराव, एसी मेकॅनिक. शेजारी इराकात अमेरिकेची फौज गेली, बसली, आणि मग एकेक छावणी बंद करत निघाली. तेवढ्या काळात फहाहीलच्या आमच्या या दोन खोल्यांत एवढं साठलंय, की कुठून झाडायला घेऊ तेच कळत नाही.

०००

आधी प्रकाशरावांची चोरी सांगते.

सुनंदाला थाप मारून गेले. म्हणे मीना अल-अहमदीला रिफायनरीत काम आहे, तिकडेच राहायचंय. सुनंदा हॉस्पिटलात नर्स, ड्यूटीच्या गडबडीत तिने मान डोलावली. आमची इरा तेव्हा रांगत होती, तिचं मी बघत होते.

संध्याकाळी फोन आला. "आई, बरंय ना सगळं? इकडे काम फार आहे हो." आणि मागून आवाज. डराँव, डराँव!

मी म्हटलं, "प्रकाशराव, रिफायनरीत बेडूक पाळलेत का?"

"बेडूक? कसला बेडूक?"

"अहो, मी कोकणातली बाई! मला बेडूक कळत नाही होय? या कुवेतात साधं डबकं नाही. हा बेडूक कुठल्या व्हिसावर आला?"

मग हळूच म्हणाले, "आई, सुनंदाला सांगू नका. मी इराकात आहे. छावणीबाहेर कालवा आहे."

"इराकात?" मी ओरडलेच! हातातला फोन खाली पडला. मागे वळून बघते तर सुनंदा दारात, हातात चहाचा कप.

०००

छावणीत दोन इराकी कामाला होते. अबू हैदर जनरेटर बघायचा, अबू उमर पाण्याचा टँकर चालवायचा. अबू म्हणजे बाप. हैदरचा बाप आणि उमरचा बाप. आणि अबू हैदरची बायको म्हणजे अबू उमरची सख्खी बहीण! एका ताटात जेवायचे दोघं.

मग तिथे शिया-सुन्नी पेटलं. हैदर नाव म्हणजे शिया, उमर म्हणजे सुन्नी. रस्त्यात गाडी अडवायची, नाव विचारायचं आणि नावावरून माणूस खाली उतरवायचा. उतरवलेला परत गाडीत चढला नाही.

प्रकाशराव फोनवर सांगत होते, "आई, अबू उमरने पोराकडून दुसरंच नाव पाठ करून घेतलंय. एवढं पाठ, की काल बापाने 'उमर' म्हणून हाक मारली तर पोरगं ओ देईना!"

मी हसायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं गो.

०००

तिथल्या अमेरिकन साहेबाला वाटलं, आपण भांडण मिटवू. कोवळा साहेब, नाक उन्हाने सोललेलं. त्याने दोन्हीकडची बुजुर्ग माणसं एका कंटेनरमध्ये बसवली. कुणी कुणाचं ऐकेना. साहेबाने प्रकाशरावांना बोलावलं, "एसी बघ जरा, मंडळी तापलीत."

प्रकाशरावांनी सोळावर टाकला. ती वाळवंटातली माणसं कुडकुडायला लागली! दाढ्या हलायला लागल्या. "मान्य, मान्य, सगळं मान्य!" म्हणत उन्हात पळाली. साहेबाने प्रकाशरावांची पाठ थोपटली, "यू आर अ पीसमेकर!"

मी लगेच मासळीबाजारात सांगून आले, माझ्या जावयाने लढाई थांबवली म्हणून. सुरमईवाल्याने त्या आनंदात एक डोकं फुकट दिलं.

पुढच्या बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. साहेबाने विचारलं, "लेट झालेत का?" सगळे खाली बघत होते.

"एसी कसा चालला?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार? "चांगला चालला," प्रकाशराव म्हणाले.

०००

मग छावणी बंद होणार अशी कुणकुण लागली. सुनंदाला घास जाईना. फौज आहे तोवर निदान भिंत आहे, दाराशी पहारा आहे. फौज निघाली आणि हे मागे राहिले तर? तिचं एकच पालुपद, "आये, फौजेच्या आधी ते निघाले पाहिजेत."

मी कंपनीत फोन लावला. सुपरवायझर वर्गीस म्हणून केरळचा. मी रडत रडत म्हटलं, "प्रकाश का सास मर गया. उसको छुट्टी दो."

"सॉरी अम्मा. सास का छुट्टी नहीं. ओन्ली मदर."

बघितलंस? मरूनसुद्धा सासूला किंमत नाही!

दुसऱ्या दिवशी आवाज बदलून परत फोन. "प्रकाश का माँ मर गया."

"कल सास, आज माँ?"

"हाँ साब. बहुत खराब हफ्ता है."

संध्याकाळी बेल वाजली. दारात वर्गीस! हातात सफरचंदांची पिशवी, चेहरा पाडलेला. "अम्मा, घर में कौन ऑफ हुआ?"

मी पदर सावरला. "मैं ही."

हे सांगितलं की इरा अजून कपाळावर हात मारते. आता कॉलेजला जाईल, पण मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. "आजी, दॅट्स सो इल्लीगल!"

वर्गीस मात्र भला माणूस. आत येऊन बसला, चहा प्याला. म्हणाला, सुट्टी माझ्या हातात नाही. वरून ऑर्डर आहे, शेवटच्या घडीपर्यंत एसी चालू पाहिजेत. शेवटच्या गाडीत प्रकाश येईल.

"शेवटची गाडी कधी?" सुनंदाने विचारलं.

"सिस्टर, वो किसी को नहीं बताते."

०००

एक दिवस दुपारी भिवा दारात. आमच्याच गावचा सुतार, त्याच छावणीत कामाला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. "काकी, खलास! छावणी बंद! बसमधून आत्ता उतरतोय."

"आणि प्रकाशराव?"

"मागच्या बसमध्ये आहेत ना."

मी धावत जाऊन भात टाकला. सुनंदाने फोन करून ड्यूटी बदलून घेतली, केस विंचरले, इराला नवीन फ्रॉक घातला. भिवा जेवायला बसला. थोड्या वेळाने मी सहज विचारलं, "मागची बस किती मागे होती रे?"

भिवाने घास खाली ठेवला. "काकी, मी मागे वळून बघितलं होतं... नुसती धूळ होती."

मागे बसच नव्हती!

सुनंदा नर्स आहे. किती मरणं बघितली असतील तिने. पण ती स्वयंपाकघरात खाली बसली ती उठेचना. कुकर शिट्ट्या मारतोय, आणि बंद करायला कुणाचा हात जात नाही.

०००

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. आता नीट ऐक.

प्रकाशराव सकाळी शिडी घेऊन फिल्टर साफ करायला निघाले. एका केबिनचं दार वाजवलं. ओ नाही. उघडलं तर आत एसी गारगार, माणूस नाही. दुसरी केबिन तशीच. तिसरी तशीच. दिवे चालू, कॉफीचं मशीन गुरगुरतंय, आणि अख्ख्या छावणीत चिटपाखरू नाही! फौज पहाटेच पसार, आणि हे दुसऱ्या बसमध्ये असतील म्हणून यांना कुणी उठवलंच नाही! एसी मुद्दाम चालू ठेवलेले. बाहेरच्यांना घरघर ऐकू येत राहावी, वाटावं की माणसं आत आहेत.

प्रकाशरावांनी काय केलं असेल, सांग? आपल्या माणसाने जे केलं असतं तेच! रिकाम्या खोलीत एसी चालू दिसला, हात गेला बटणावर. एकेक करत सगळे बंद केले. दिवेसुद्धा!

"अहो, कुणाचं बिल वाचवत होतात?" मी विचारलं.

"काय माहीत आई. बघवेना."

शेवटचा बंद केला आणि एवढी शांतता झाली, की स्वतःच्या बुटांचा आवाज त्यांना मोठा वाटला. ती शांतता गावालाही ऐकू गेली. पुढच्या फाटकातून शिया आले, मागच्या फाटकातून सुन्नी आले. हातात बंदुका. आणि मधे आमचे जावई, हातात शिडी!

अबू हैदर एका घोळक्यात, अबू उमर दुसऱ्यात. दोघं एकदमच ओरडले, "त्याला मारू नका! एसी कोण काढून देणार?"

०००

आता शेवटचं. मधे बोलायचं नाही.

दोन्हीकडच्यांनी वाटून घेतलेले एसी काढायला चार दिवस गेले; मधे 'जिवंत आहे' एवढा फोन आला, तेव्हा कुठे सुनंदा ड्यूटीवर गेली. अबू हैदर म्हणाला, "तुला कालव्याच्या पुलापर्यंत सोडतो. पलीकडे माझं काही चालत नाही." पलीकडे त्याचा मेहुणा अबू उमर गाडी घेऊन उभा राहणार, तो सरहद्दीपर्यंत नेणार. दोघांचं बोलणं बंद होतं, पण प्रकाशरावांसाठी निरोप गेले, आले.

पूल एवढासा. अलीकडे हैदरवाले, पलीकडे उमरवाले. प्रकाशराव हत्यारांची पेटी घेऊन एकटेच चालायला लागले. मधोमध आले, आणि दोन्हीकडून खटखट, खटखट! बंदुका वर. कुणी काय ओरडलं, कुणास ठाऊक. पुढे जाववेना, मागे फिरवेना.

प्रकाशरावांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

सुनंदा हॉस्पिटलात. फोन मी घेतला. "आई," म्हणाले. मागून माणसांचा आरडाओरडा ऐकू आला. मग म्हणाले, "सहज केला. सुनंदाला सांगा..."

मी म्हटलं, "सुनंदाला काय ते तुम्हीच सांगा! आधी मला सांगा, आपला एसी गळतोय त्याचं काय करू?"

"काय?"

"एसी हो! मेकॅनिकच्या घरात पाणी गळतंय! लोक काय म्हणतील?"

"आई, आत्ता मी..."

"आत्ताच! इराच्या अंथरुणावर गळतंय!"

मग त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला. "कुठून गळतंय? डावीकडून?" डावा हात डावीकडे. "की उजवीकडून?" उजवीकडे. त्यांची सवयच तशी, हातांशिवाय बोलताच येत नाही.

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही!" मी म्हटलं.

"वर बघा! वर! पाइप वरून येतो!" आणि बोट आभाळाकडे!

तिथे कुणाला मराठी येत होतं? त्यांना दिसलं ते एवढंच, की अमेरिकेच्या छावणीतला माणूस फोनवर ओरडतोय, इकडे दाखवतोय, तिकडे दाखवतोय आणि आभाळात बोट करतोय. हैदरवाले विमान येणार म्हणून जमिनीवर पालथे! उमरवालेही पालथे!

"आणि एका जागी उभं राहून काय बोलताय?" मी म्हटलं. "रेंज जाते. चालत चालत बोला!"

ते चालत चालत बोलले. पुलावरून उतरून गाडीत बसेपर्यंत ड्रेन पाइप कसा साफ करायचा तेच मला समजावत होते.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. सुनंदाने उघडलं. रडली नाही, ओरडली नाही. त्यांचं मनगट धरलं आणि नाडी बघत तशीच उभी राहिली. कितीतरी वेळ. सोडेचना.

तिने सोडलं तेव्हा प्रकाशराव आत आले. पाणी प्यायले नाहीत, इराला घेतलं नाही. आधी स्टूल ओढलं, वर चढले आणि एसीच्या खाली हात फिरवला. कोरडा. मागून फिरवला. तिकडेही कोरडा. भिंतीवर पाण्याचा एक ओघळ नाही.

स्टुलावरूनच वळून माझ्याकडे बघितलं. "आई, हा गळतच नव्हता."

"हो का?" मी म्हटलं. "उतरा खाली. हात धुऊन घ्या, जेवायला वाढते."

काय? "मग" म्हणजे काय? अशी बघतेस काय माझ्याकडे? ऊठ गो, जा आता घरी!