स्तावरोस थांबले तेव्हा

माघ उतरणीला लागला की विष्णुपुरीच्या जलाशयावरून येणाऱ्या वाऱ्यात ओल्या गाळाचा आणि भाजलेल्या हरभऱ्याचा गंध मिसळलेला असतो. त्याच दिवसांत स्तावरोस नावाचे एक वृद्ध ग्रीक नट आमच्या महाविद्यालयातल्या नाट्यशिबिरासाठी नांदेडला आले. मी इंग्रजीची प्राध्यापिका, म्हणून त्यांची दुभाषी झाले.

संध्याकाळी अतिथिगृहाच्या ओट्यावर बसून ते आपले आयुष्य तुकड्यातुकड्यांनी सांगत. बेटावरच्या एका कोळ्याचा हा मुलगा अथेन्सला आला, वीस वर्षे प्राचीन शोकांतिकांच्या गायकवृंदात उभा राहिला, आणि मग एका मालिकेतल्या डॉक्टरच्या भूमिकेने घरोघरी पोचला. इतका, की भर बाजारात माणसे त्याला आपली दुखणी सांगत. पुढे चित्रपट मिळाले. उतारवयात स्तावरोस रंगभूमीवर परतले, तेव्हा ऐन प्रयोगात शब्द विसरले. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, प्रयोग तिथेच थांबवून दिवे मालवले गेले. त्यानंतर ते रंगमंचावर चढलेच नव्हते.

समारोपाला शिबिरातल्या मुलांनी काहीतरी करून दाखवा म्हणून गळ घातली. पुत्र गमावलेल्या मातेचा विलाप त्यांनी निवडला, ग्रीकमध्येच. “भाषांतर नको,” एवढेच मला म्हणाले. स्वर चढत गेला, आणि मध्येच थांबला. उचललेले हात तसेच राहिले. सारवासारव करायला मी उठले, तोच पहिल्या रांगेतून अतिथिगृहात स्वयंपाक करणाऱ्या, नायगावच्या काशीबाई म्हणाल्या, “घ्या दमानं, बाबा. आमाला कुटं जायाची घाई हाय?”

स्तावरोसांनी माझ्याकडे पाहिले. काशीबाई काय म्हणाल्या ते मी सांगितले. त्यांनी हात खाली घेतले. मग बराच वेळ मांडवावर कडुनिंबाची पाने गळत राहिली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हलले नाही. एक शब्द आला, त्यामागून दुसरा, आणि विलाप शेवटापर्यंत गेला.

“लेकरू गेलं व्हतं का त्यांचं?” काशीबाईंनी मला विचारले.

“नाही हो, नाटक होतं ते.”

“असंल,” त्या म्हणाल्या, पण त्यांना पटले नव्हते.

निघताना मोटारीत स्तावरोस म्हणाले, “अथेन्सचे लोक फार दयाळू होते. टाळ्या वाजवून त्यांनी मला घरी पाठवलं.”

सोमवारी वर्गात मुखेडची एक मुलगी इंग्रजी वाक्याच्या मध्यावर अडली. इतकी वर्षे अशी वाक्ये मीच पुरी करत आले, तीही मोठ्या मायेने. हवा तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.